शेवटची बोट कुणासाठी?

"आपके साथ कोई भाईसाहब नहीं हैं क्या?"

स्वराज द्वीपच्या धक्क्याबाहेर स्कूटर भाड्यानं देणाऱ्या मुलानं आम्हा पाचजणींना विचारलेला हा पहिला प्रश्न. स्वराज द्वीप म्हणजे अंदमानातलं पूर्वीचं हॅवलॉक बेट. २०१८ च्या डिसेंबरात त्याचं नाव बदललं. आमच्यापैकी दोघींकडे परवाना होता, त्यातली एक तर रोज गावोगाव बचतगटांच्या बैठका दुचाकीवरूनच घेते. मुलाला आमचा अपमान करायचा नव्हता. त्याच्यापुढे रोज येणारी जोडपी त्याला हेच शिकवतात. गाडी नवऱ्याच्या हाती, आणि हातभर चुडा भरलेली नवी नवरी मागे. आम्ही हसलो, परवाना दाखवला, एक स्कूटर घेतली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. बाईनं कुठं जायचं, कधी जायचं आणि परत कधी यायचं, हे वाहन कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं. घरातही आणि बेटावरही.

मैत्रिणींनो, आम्ही कुठल्याही सहल कंपनीबरोबर गेलो नव्हतो. आपलं आपण जायचं, असं ठरवलं होतं. मुंबईहून विमानानं पोर्ट ब्लेअर गाठलं (२०२४ पासून ते श्री विजयपुरम झालं आहे). चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून जहाजानंही जाता येतं. पण त्याला तीनेक दिवस लागतात आणि महिन्यातून मोजक्याच फेऱ्या असतात. तिथून स्वराज द्वीप समुद्रानं साधारण चाळीस किलोमीटर. जायला दोन प्रकारच्या बोटी. खाजगी वातानुकूलित वेगवान बोट दीड तासात पोचवते. तिकीट महाग, सामानाच्या वजनावर मर्यादा. सरकारी बोटीला दोन-अडीच तास लागतात. तिचं भाडं कमी, आणि बेटावरच्या रहिवाशांना आणखी कमी.

जाताना आम्ही खाजगी बोटीनं गेलो. गार काचेआड बसून समुद्र बघितला. आजूबाजूला सगळे आपल्यासारखेच, फिरायला आलेले. बेटावरची माणसं दिसली ती परतताना, सरकारी बोटीवर. केळीचे घड, सुपारीची पोती, शाळा-कॉलेजची मुलं, दवाखान्याची फाइल छातीशी धरलेले म्हातारे. आमच्या एकीला बोट लागली, तेव्हा शेजारच्या बाईनं पिशवीतून लिंबू काढून दिलं. तिच्याबरोबर तिची लेक होती, दिवस भरत आलेली. १९५०च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं या बेटावर जमिनी दिल्या. ही बाई त्यांच्यातल्याच एका घरातली. बाळंतपणाला अजून दोन आठवडे होते. "मग इतक्या लवकर?" मी विचारलं. ती म्हणाली, "दीदी, समंदर मना कर दे तो किससे बोलेंगे?"

बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पण बाळंतपण अडलं, शस्त्रक्रिया लागली, की मोठं रुग्णालय समुद्रापलीकडे. आणीबाणीत हेलिकॉप्टर मिळू शकतं. पण वादळी हवेत बोट बंद असते तसंच हेलिकॉप्टरही अडतं. म्हणून लेकीला घेऊन ती पंधरा दिवस आधीच नातेवाइकांकडे निघाली होती. घरी म्हातारी सासू, दोन गाई आणि भाजीचा वाफा शेजारणीवर सोपवून. या पंधरा दिवसांचा खर्च, बुडालेली मजुरी, दुसऱ्याच्या घरातला संकोच, हे कुठल्याही वाहतुकीच्या हिशेबात धरलं जात नाही. तो हिशेब बाईच भरते, आणि मुकाट भरते.

२०१६ च्या डिसेंबरात वादळी हवेमुळे या बेटावर आणि शेजारच्या नील बेटावर हजारावर पर्यटक अडकून पडले. नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजं गेली, देशभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. लोकांना सुखरूप आणलं हे चांगलंच झालं. पण बेटावरची माणसं दर पावसाळ्यात अशीच अडकतात, त्याची बातमी होत नाही. पाहुणा अडकला की संकट, आणि राहणारी अडकली की तिचं रोजचं जगणं!

बेटावर फिरण्याचंही तेच. धक्क्यापासून राधानगरचा प्रसिद्ध किनारा सुमारे बारा किलोमीटर. बस आहे, स्वस्त आहे, पण फेऱ्या थोड्या. मग रिक्षा, टॅक्सी नाहीतर भाड्याची स्कूटर. डिसेंबरात तिथं पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि भराभर अंधार पडतो. एका स्कूटरवर पाचजणी कशा मावणार? आम्ही तिघी बसवर विसंबलो होतो. सूर्यास्त बघत बसलो आणि बस चुकली. रिक्षावाल्यानं मागितले तेवढे पैसे देऊन परतलो. आमच्याकडे पैसे होते. वाटेत झाडीतल्या काळोख्या रस्त्यानं, मोबाइलच्या उजेडात, दोन बाया भरभर चालत होत्या. रिक्षा थांबवून त्यांना घेतलं. एका हॉटेलात चादरी धुण्याचं काम करून त्या घरी निघाल्या होत्या. पर्यटकांची खोली टापटीप ठेवणाऱ्या बाईला घरी पोचवायची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही.

कुणी म्हणेल, पर्यटनामुळेच त्यांना काम मिळालं, खाजगी बोटी आल्या म्हणून पर्यटक आले. खरं आहे. वेगवान बोटींना माझा विरोध नाही. पण त्या आल्या म्हणून सरकारी बोट आणि बस दुय्यम ठरता कामा नयेत. पैसेवाल्याची सोय बाजार करतो. बाकीच्यांची सोय हे सरकारचं कामच आहे. आणि सोय म्हणजे नुसता वेग नव्हे. २०१४ च्या २६ जानेवारीला पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त प्रवासी भरलेली सहलीची बोट उलटून २१ जण गेले. आपल्यातल्या किती जणींना पोहता येतं? आपण बोटीत चढताना जीवरक्षक जाकीट मागतो का, की "उगाच वाद नको" म्हणून गप्प बसतो?

मला वाटतं, वाहतूक चांगली की वाईट, हे दिवस भरलेल्या त्या लेकीला आणि चादरी धुऊन परतणाऱ्या त्या बायांना विचारून ठरवावं. बोटीचं वेळापत्रक ठरवताना बेटावरच्या बायांना बोलवा. हॉटेलांची पाळी सुटते त्या वेळेला बस सोडा. पावसाळ्यात गरोदर बायांसाठी रुग्णालयाजवळ राहण्याची फुकट सोय करा. या मागण्या काही फार मोठ्या नाहीत. कोकणातल्या खाडीपलीकडच्या गावांत आणि डोंगरातल्या पाड्यांवर आपण याच तर करत आलो आहोत.

आणि आपणही फिरायला जाऊ तेव्हा एक फेरी तरी सरकारी बोटीनं करू, बसनं फिरू, शेजारी बसलेल्या बाईशी बोलू. रहिवाशांच्या वाट्याच्या जागा मात्र अडवायला नकोत. शिवाय ज्यांना गाडी येत नाही त्यांनी ती शिकून घ्यावी. आमच्यातल्या तिघींनी परत आल्यावर शिकायला सुरुवात केली आहे. पुढच्या वेळी कुणी "भाईसाहब" विचारले, तर पाचही परवाने पुढं ठेवू.