चुकलेले छायाचित्र

सकाळची वेळ असते. अंगणात आजी तुळशीला पाणी घालीत असते. तिच्या पाठीमागून कोवळे ऊन येत असते आणि तांब्यातून पडणारी पाण्याची धार त्या उन्हात चकाकत असते. नातवाला ते दृश्य फार आवडते. तो धावत जाऊन घरातला मोबाइल आणतो, त्यातील कॅमेरा उघडतो आणि बटण दाबतो. परंतु चित्र पाहताच त्याचा विरस होतो. आकाश पांढरेफटक आणि आजीचा चेहरा मात्र काळाकुट्ट! 'बिघडले,' असे म्हणून तो ते चित्र तत्क्षणी पुसून टाकतो आणि खेळावयास निघून जातो.

असे प्रसंग आज घरोघर घडतात आणि त्यांत कोणास काही वावगे वाटत नाही. परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येईल की, त्या मुलाने केवळ एक चित्र पुसले नाही. हाती आलेला एक धडाच त्याने पुसून टाकला.

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिस येथे जगापुढे जाहीर झाली. पुढे सुमारे पंधरा वर्षांनी, म्हणजे १८५४ साली, मुंबईत छायाचित्रणाची आवड असणाऱ्या मंडळींनी आपली एक संस्था स्थापन केली. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. व्यवसायाने ते वैद्यक जाणणारे. तरीही ह्या नव्या कलेत ते रमले. म्हणजे हौशी छायाचित्रकारांची परंपरा महाराष्ट्रातही चांगली जुनी आहे. परंतु त्या काळी ही हौस फार खर्चाची होती. पुढे फिल्मचे रोल आले, कॅमेरे स्वस्त झाले, तरी एका रोलवर बारा किंवा फार तर छत्तीस चित्रे निघत. रोल संपेपर्यंत थांबावयाचे, मग तो धुवावयास द्यावयाचा आणि चित्रे हाती येण्याची वाट पाहावयाची, असा क्रम असे. चित्र चुकले तर पैसे वाया जात. आणि ते का चुकले हे कळावे तर त्या वेळी ऊन कोठून येत होते, कॅमेरा कसा लावला होता, हे तोवर विसरलेले असे. काटेकोर माणसे त्यासाठी वही जवळ बाळगीत. साध्या घरातील मुलाला कॅमेऱ्याला हात लावण्याची परवानगी क्वचितच मिळे.

ही स्थिती पालटली ती डिजिटल कॅमेऱ्यामुळे. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्याने असा पहिला कॅमेरा जुळवला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. एक चित्र फितीवर उतरवण्यास त्याला २३ सेकंद लागत, आणि ते चित्रही काळे-पांढरे, अवघ्या १०,००० ठिपक्यांचे असे. आज एखाद्या साध्या मोबाइलमधील चित्रात १ कोटी २० लाख ठिपके असतात. ही प्रगती थक्क करणारी आहे, ह्यात शंका नाही. परंतु डिजिटल कॅमेऱ्याने दिलेली खरी देणगी ठिपक्यांच्या संख्येत नाही, आणि दिवसाला शेकडो चित्रे काढता येतात, ह्यातही नाही. ती देणगी म्हणजे चुकण्याची मुभा होय. चूक झाली तर एक पैसाही खर्च होत नाही. चूक तत्काळ डोळ्यांसमोर दिसते. इतकेच नव्हे, तर ते चित्र कोणत्या दिवशी, किती वाजता काढले आणि कॅमेऱ्याने किती वेळ प्रकाश आत घेतला, ह्याची नोंद बहुधा त्या चित्राबरोबरच आपोआप साठवलेली असते. जुन्या काळची ती वही आता कॅमेराच लिहितो. ती वाचणारा मात्र हवा.

ती वाचावयाची कशी, हे आजीच्या चित्रावरूनच पाहता येईल. मनुष्याचा डोळा उजळ आकाश आणि सावलीतला चेहरा ही दोन्ही एकाच वेळी सांभाळून घेतो. डोळा व मेंदू मिळून हे काम इतक्या सहजतेने करतात की, त्याची जाणीवही होत नाही. कॅमेऱ्याला ते तितकेसे साधत नाही. त्याला साऱ्या दृश्यासाठी प्रकाशाचे एकच माप ठरवावे लागते. आकाश फार उजळ म्हणून त्याने प्रकाश कमी घेतला आणि आजीचा चेहरा अंधारात राहिला. हे एकदा उमगले की उपायही सुचतो. ऊन आजीच्या पाठीमागे न ठेवता बाजूला ठेवावे, किंवा पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवून 'ह्या ठिकाणचा प्रकाश मोज,' असे कॅमेऱ्याला सांगावे.

दुसरे कोडे ह्याहून मजेचे आहे. एखाद्या मुलाने पांढऱ्याशुभ्र बगळ्याचे अगदी जवळून, चौकट भरेल असे चित्र घेतले, तर तो बगळा पुष्कळदा करडा, मळकट दिसतो. त्याच मुलाने काळ्याभोर म्हशीचे तसेच चित्र घेतले, तर तीही करडी दिसते! पांढरे काळवंडले आणि काळे फिकटले. दोन्ही चुका परस्परांच्या उलट, परंतु कारण एकच. कॅमेऱ्याला बगळा ठाऊक नसतो आणि म्हैसही ठाऊक नसते. समोरचे दृश्य फार उजळ नाही, फार काळे नाही, मध्यम उजेडाचे आहे, असे गृहीत धरून तो प्रकाशाचे माप ठरवतो. म्हणून बगळ्यासाठी प्रकाश थोडा वाढवावा लागतो आणि म्हशीसाठी थोडा कमी करावा लागतो. त्यासाठी बहुतेक कॅमेऱ्यांत अधिक-उण्याची सोय असते. परंतु कोणते चिन्ह केव्हा वापरावयाचे, हे ठरवण्यासाठी बगळा खरोखर किती पांढरा होता, हे आधी डोळ्यांनी नीट पाहिलेले असावे लागते.

तिसरे कोडे घरातील पंख्याचे. संध्याकाळी खोलीत फिरत्या पंख्याचे चित्र घेतले तर पात्यांच्या जागी धुरकट पट्टे उमटतात; भर दुपारी उघड्या ओसरीवरील पंख्याचे चित्र घेतले तर पाती जागच्या जागी थिजल्यासारखी दिसतात. येथे गणित मदतीला येते. पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५ फेरे होतात. उजेड कमी असला की कॅमेरा प्रकाश अधिक वेळ घेतो. तो वेळ सेकंदाचा तिसावा भाग असेल, तर तेवढ्यात पाते फेऱ्याचा सहावा हिस्सा सरकते. भरपूर उजेडात तोच वेळ सेकंदाचा हजारावा भाग होऊ शकतो. तेवढ्यात पाते दोन अंशही पुढे जात नाही. तिन्हीसांजेला हातात धरून काढलेली चित्रे धूसर का येतात, ह्याचेही उत्तर येथेच आहे. त्या वेळी पंख्याऐवजी हात हलत असतो, एवढाच फरक.

आणि चौथे कोडे चंद्राचे. पौर्णिमेच्या संध्याकाळी झाडांमागून वर येणारा चंद्र परातीएवढा दिसतो. चित्रात मात्र तो पांढऱ्या टिकलीएवढा उमटतो. कॅमेऱ्याने दगा दिला, असे मुलाला वाटते. वस्तुतः आकाशात चंद्राची रुंदी अवघी अर्ध्या अंशाएवढी असते. साध्या मोबाइलच्या आडव्या चित्रात असे शंभराहून अधिक चंद्र एका ओळीत मावतील. हात लांब करून करंगळी उभी धरली, तर तिच्या टोकाआड चंद्र सहज लपतो. उगवता चंद्र आणि मध्यरात्री डोक्यावर आलेला चंद्र ह्यांची चित्रे एकाच कॅमेऱ्याने, त्याच रीतीने घेऊन ताडून पाहिली, तर दोहोंचा आकार सारखाच भरतो. येथे कॅमेरा चुकलाच नव्हता. मनुष्याचे मनच फसले होते. चुकलेले वाटणारे चित्र कधी कधी असे डोळ्यांवर आलेले पटल दूर करते.

ह्यावर काही वडीलधारी मंडळी म्हणतील, 'फिल्मचा काळच बरा होता. बाराच चित्रे मिळत, म्हणून माणूस विचार करून बटण दाबीत असे. आता मुले न पाहताच चित्रे काढतात.' ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. सहलीला गेलेला मुलगा किल्ल्याच्या दरवाजाची तीस चित्रे काढतो आणि त्या दरवाजावर काय कोरलेले होते, हे घरी आल्यावर त्याला सांगता येत नाही. परंतु हा दोष कॅमेऱ्याचा नव्हे. बाराच चित्रांच्या काळात विचार करण्याची सक्ती होती, हे खरे. पण ती सक्ती पैशाची होती, आणि तिच्यामुळे पुष्कळ मुलांना कॅमेरा हातीच मिळत नव्हता. आज ती सक्ती उरली नाही. तेव्हा विचार करण्याची सवय ज्याने त्याने आपण होऊन लावून घ्यावयास हवी. चुकण्याची मुभा मिळूनही जो आपल्या चुका पाहत नाही, त्याने ती देणगी घेतलीच नाही. त्याच्याजवळ चित्रांचा केवळ ढीग साचतो. ह्यासाठी फार मोठे कष्ट पडतात असेही नाही. बिघडलेले चित्र लगेच पुसू नये. ते एक दिवस ठेवावे, 'असे का झाले?' हा प्रश्न स्वतःला विचारावा, उत्तर सुचल्यास तेच चित्र पुन्हा काढून पाहावे, आणि मग वाटल्यास खुशाल पुसावे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. चुकण्याची ही मुभा कॅमेऱ्याच्या आतल्या चुकांपुरतीच आहे. कॅमेऱ्याबाहेरच्या काही चुका कोणतेही बटण दाबून पुसता येत नाहीत. साताऱ्याजवळचे कास पठार पावसाळ्याच्या अखेरीस फुलांनी भरून जाते. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. तेथे जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर असतो, आणि 'सीतेची आसवे' ह्यांसारखी इवलीशी फुले त्यावरच उमलतात. चांगल्या चित्राच्या हव्यासाने कोणी त्या ताटव्यात पाय घातला, तर ती रोपे बी धरण्याआधीच चिरडली जातात. चित्र पुसले तरी फूल पुन्हा उभे राहत नाही. घरट्याच्या फार जवळ गेल्याने पक्षीण पिलांना सोडून उडाली, तर तीही चूक पुसता येत नाही. आणि एखाद्या माणसाचे, तो दुःखात असताना किंवा त्याची इच्छा नसताना, चित्र काढून ते चार जणांना दाखवले, तर त्याच्या मनाला झालेली जखमही पुसता येत नाही.

होमाई व्यारावाला ह्या भारतातील पहिल्या महिला वृत्त-छायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. देशाच्या स्वातंत्र्याचे कितीतरी प्रसंग त्यांनी टिपले, आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. परंतु कीर्ती मिळालेली असताना, १९७० साली, त्यांनी व्यवसाय सोडून दिला. नव्या छायाचित्रकारांच्या वागण्यातील सभ्यतेचा अभाव त्यांना सहन झाला नाही. इतक्या मोठ्या कलावतीला चित्राइतकीच, किंबहुना चित्राहूनही अधिक, सभ्यता महत्त्वाची वाटली, हे हौशी मुलांनी विसरू नये. 'आपले चित्र काढू का?' एवढे विचारावयास एक क्षण लागतो. उत्तर 'नको' असे आले, तर कॅमेरा खाली घ्यावा.

आता पुन्हा त्या अंगणाकडे वळावे. समजा, दुसऱ्या दिवशी तो नातू विचार करून आला. त्याने आधी विचारले, "आजी, तुझा फोटो काढू का गं?" आजीने पदर सावरला आणि हसून मान डोलावली. ह्या खेपेस तो फिरून दुसऱ्या बाजूला उभा राहिला. ऊन आजीच्या चेहऱ्यावर आले आणि चित्रात तिच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यासुद्धा स्पष्ट उमटल्या. मुलाला आनंद झाला. पण नीट पाहता त्याच्या ध्यानी आले की, तांब्यातून पडणारी ती धार आता काल डोळ्यांना दिसली तशी चकाकत नव्हती! धार चकाकावयास ऊन तिच्या पाठीमागेच असावे लागते, आणि चेहरा दिसावयास ते समोर असावे लागते. दोन्ही एका चित्रात कशी आणावी?

हे नवे कोडे होते. ह्या वेळी त्याने चित्र पुसले नाही. तो तुळशीवृंदावनाजवळ उभा राहून विचार करू लागला, आणि आजीही रिकामा तांब्या हातात धरून त्याच्यासाठी थांबली.