हाक प्रथम कोणी द्यावयाची?

ज्येष्ठ नागरिकांच्या साहाय्यासाठी १४५६७ या क्रमांकाची ‘एल्डरलाइन’ १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाला अर्पण झाली. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या क्रमांकाची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. निवृत्तिवेतनाची अडचण असो, घरातील छळ असो, की मनाची तगमग असो, ऐकून घेणारा माणूस सरकारी खर्चाने मिळू लागला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु ज्याला दुःख आहे तो आपण होऊन दूरध्वनी करील, असे एक गृहीत या योजनांच्या मुळाशी आहे. त्याची चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मध्यमवर्गीय वृद्धांचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे गृहीत पटणार नाही. भावंडांची शिक्षणे, बहिणींची लग्ने, घराचे हप्ते हे सारे निमूटपणे निभावलेला माणूस पंचाहत्तराव्या वर्षी ‘मला एकटे वाटते’ असे परक्याला कसे सांगणार? गुडघा दुखतो हे तो डॉक्टरला सांगतो. संध्याकाळ खायला उठते हे कोणालाच सांगत नाही. परगावच्या मुलांना तर मुळीच नाही, कारण ती काळजी करीत बसतील. २०१७-१८ मधील राष्ट्रीय पाहणीनुसार साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे सहा टक्के लोक एकटे राहतात. हा आकडा लहान वाटेल. पण २०११ च्या जनगणनेतच अशा नागरिकांची संख्या दहा कोटींवर गेली होती, हे विसरता कामा नये.

तेव्हा हाक प्रथम दुसऱ्या बाजूने गेली पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१३ साली एस्थर रँट्झेन यांनी ‘सिल्व्हर लाइन’ स्थापन केली, तेव्हा आलेले दूरध्वनी घेण्यावरच ती थांबली नाही. स्वयंसेवकांनी ठरलेल्या वृद्धाला दर आठवड्याला स्वतः दूरध्वनी करावा, अशी व्यवस्था तिने केली. अमेरिकेत टेक्सासमध्ये घरपोच भोजन घेणाऱ्या २४० प्रौढांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील निम्म्यांशी १७ ते २३ वर्षांचे अवघे सोळा स्वयंसेवक चार आठवडे नियमाने बोलले. ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. आस्थेने ऐकावे कसे, एवढेच त्यांना थोडक्यात शिकविले होते. तरीही ज्यांना दूरध्वनी गेले नाहीत त्यांच्या तुलनेत या लोकांचा एकाकीपणा, खिन्नता आणि चिंता कमी झाल्याचे आढळले.

आपल्याकडे हे घडवावयाचे तर एक अडथळा प्रथम दूर करावा लागेल. दूरध्वनीवरून वृद्धांना लुबाडणाऱ्या टोळ्यांमुळे अनोळखी क्रमांक घेऊच नये, असे आपणच त्यांना बजावतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून स्वयंसेवकाची ओळख विश्वासातल्या माणसाने समक्ष करून द्यावी. दूरध्वनीचा वार व वेळ ठरलेली असावी. पैशाचा वा बँकेचा विषय कदापि निघू नये. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ हे काम करू शकतील. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांनी वर्षाला १२० तास सेवा द्यावी, असा दंडक आहेच. त्यांतील काही तास या कामी का लागू नयेत?

अर्थात संभाषण हा औषधाचा पर्याय नव्हे. जीव नकोसा झाल्याची भाषा कानी पडली, तर ‘टेली-मानस’कडे वा डॉक्टरकडे तातडीने वळविणे हे स्वयंसेवकाचे पहिले कर्तव्य होय. तसेच दोन महिने उत्साहाने बोलून परीक्षेचे निमित्त होताच गप्प होणारा विद्यार्थी उपकारापेक्षा अपकारच अधिक करील. ज्याला नेम पाळावयाचा नाही, त्याने हे व्रत घेऊ नये.

दरवर्षी १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाचे समारंभ होतात, शाली पांघरल्या जातात, भाषणे होतात. यंदा प्रत्येक संघाने आपल्या भागात एकट्या राहणाऱ्या वृद्धांना समक्ष भेटावे, ज्यांची संमती असेल त्यांची यादी करावी, आणि प्रत्येक नावापुढे स्वयंसेवकाचे नाव व दूरध्वनीचा वार लिहावा. समारंभ नाही झाला तरी चालेल.