किल्लीबरोबर मराठीतून माहितीही द्या

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागात डाळिंब-द्राक्षाचे पैसे हाती आले की दसऱ्याला किंवा पाडव्याला दारात नवी पिकअप उभी राहते. वर्ष सरायच्या आत तक्रार कानावर येते : मीटरवर पिवळा दिवा लागलाय, गाडी ओढत नाही, वर्कशॉपवाले मोठं बिल सांगतात. ‘गाडीच खराब निघाली’ हा मालकाचा निष्कर्ष मला पटत नाही. यातले बरेच बिघाड वापराची माहिती न मिळाल्याने होतात आणि ती देणे हे विकणाऱ्याचे काम आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. तेव्हापासून बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारे गाळणे, म्हणजे डीपीएफ, असते. साचलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला आतच जळावी लागते आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. आमच्या गाड्या पळतात वस्तीवरून डेअरीपर्यंत आणि मळ्यातून गावापर्यंत. कॅरेट भरेपर्यंत इंजिन चालूच. काजळी साचणारच! डीपीएफचा दिवा लागताच गाडी सोलापूर-पुणे महामार्गावर एका लयीत पळवून आणली, मध्येच इंजिन बंद केले नाही, तर बहुधा तिथेच काम भागते. दिवसेंदिवस दुर्लक्ष केले तर इंजिन आपणहून ताकद कमी करते आणि मग स्कॅनर लावल्याशिवाय सुटका नाही. डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारे युरियाचे शुद्ध द्रावण, लागणाऱ्या गाडीत खताच्या गोणीतला युरिया कालवून ओतणे तर सरळ नुकसान ओढवून घेणे आहे.

फोर बाय फोरचेही तसेच. वाफसा नसलेल्या काळ्या रानात त्याला तोड नाही. पण पाणंदीतून डांबरीवर आल्यावर लिव्हर तसाच राहतो. पिकअपमध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक सावरणारा मधला डिफरन्शियल सहसा नसतो. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर वळताना सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो आणि लिव्हर अडकतो. हिसके देण्याऐवजी गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली तर तो बहुधा सुटतो. ओढ्यातून गाडी घालतानाही माहिती हवीच. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत ओढ्यांचे काय होते ते सोलापूर जिल्ह्याने पाहिले आहे. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारू नये, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, ही एक सूचना इंजिन वाचवू शकते. ती डिलिव्हरीच्या दिवशी कोण देतो? हार घालायचा, पेढे वाटायचे, फोटो काढायचा आणि इंग्रजी पुस्तिका कप्प्यात टाकायची, एवढाच सोहळा मी पाहत आलो आहे.

मालकांनाही मी मोकळे सोडत नाही. स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतले म्हणजे गाडीची क्षमता वाढली, हा समज घातक आहे. ब्रेक, हब आणि टायर तेच राहतात. जादा मालासाठी मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, आणि असा माल लादून गाडी मोडली तर दोष कंपनीला देता येणार नाही.

‘पुस्तिका कोणी वाचतच नाही,’ असे विक्रेते सांगतात. न समजणाऱ्या भाषेतली कोण वाचणार? सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या सल्ल्याने फवारणीचे वेळापत्रक काटेकोर सांभाळणारा शेतकरी डीपीएफचे चार नियम पाळणार नाही, हे मी मानत नाही. मात्र ते त्याला मराठीत सांगायला हवेत, आणि मालकाइतकेच गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरलाही.

कंपन्यांनी प्रत्येक पिकअपबरोबर मराठी पुस्तिका द्यावी. विक्रेत्यांनी डिलिव्हरीआधी ड्रायव्हरला तासभर गाडीत बसवून प्रत्येक दिवा आणि प्रत्येक लिव्हर समजावून द्यावा. बाजार समितीच्या आवारात रोज शेकडो ड्रायव्हर माल उतरवायला थांबतात; तिथे हंगामापूर्वी असे वर्ग सहज भरवता येतील. आणि येत्या पाडव्याला गाडी घेणाऱ्यांना माझी विनंती आहे, ही माहिती मिळाल्याशिवाय डिलिव्हरीच्या कागदावर सही करू नका.

— एक पिकअपमालक, सोलापूर