वडखळचा नाका आणि पवईतला एक निबंध

महाराष्ट्रातील संगणकाचा इतिहास सांगताना ‘परम’चे नाव आधी येते, मग पुण्यातील कंपन्यांचे. आयआयटी मुंबईतील प्रा. धनंजय ढमढेरे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात ते मुख्यतः ‘सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स’ या पाठ्यपुस्तकामुळे. ही ओळख अपुरी आहे, किंचित अन्यायाचीही.

त्यांचे संशोधन समजण्यास वडखळचा नाका पुरेसा आहे. पेणहून आणि अलिबागहून येणारी वाहने येथे एकत्र होऊन नागोठण्याकडे जातात. अलिबागकडील वाहनांची तपासणी वाटेतच झाली आहे, असे समजा. वडखळच्या पुढे सर्वांना तपासले, तर त्यांची तपासणी दुसऱ्यांदा होईल. पेणमध्येच चौकी बसवली, तर खोपोलीकडे वळणारी वाहने विनाकारण अडतील. योग्य जागा एकच: पेण आणि वडखळ यांच्या मधला रस्ता.

प्रोग्रॅममध्येही एका वाटेवर केलेले गणित वाटा मिळाल्यावर पुन्हा केले जाते. कंपायलरने ही पुनरुक्ती टाळावी कशी, याची रीत मोरेल आणि रेन्व्हॉज या फ्रेंच संशोधकांनी १९७९ मध्ये मांडली. मात्र त्यांच्या रीतीत गणित हलवायचे ते नाक्यांवरच. त्यामुळे काही पुनरुक्ती तशीच राहून जाई. ढमढेरे यांनी १९८८ च्या निबंधात मधल्या रस्त्याचा उपयोग केला. आज हे उघड वाटते. सुटलेली कोडी नेहमीच तशी वाटतात.

पाठ्यपुस्तक लिहिणे हे संशोधकाचे दुय्यम काम, असा एक समज विद्यापीठांत मुरलेला आहे. ढमढेरे यांच्या बाबतीत तो टिकत नाही. असेंब्लर पहिल्या फेरीत नावांचे पत्ते नोंदवतो आणि दुसऱ्या फेरीत यंत्रभाषेतील आज्ञा तयार करतो, हे नवख्याला पायरीपायरीने उलगडून सांगणे आणि रस्त्याची नेमकी जागा हेरणे, यांमागची शिस्त एकच आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री त्या दोन फेऱ्या घोकल्या जातात, हा दोष पुस्तकाचा नव्हे.

शिवाय शिकवणे पुस्तकापाशी थांबले नाही. त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांच्यासह त्यांनी १९९४ मध्ये अशा विश्लेषणांचा व्यापक सिद्धांत मांडला. पुढे खेडकर पवईतच प्राध्यापक झाले आणि २००९ मध्ये अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी याच विषयावर ‘डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस’ हा ग्रंथ लिहिला.