शंका घ्यावी, पण मोजूनही पाहावे

जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी थेट हवामान विभागाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरणी केली, पावसाने ओढ दिली आणि बियाण्या-खताचा खर्च मातीत गेला, असे त्यांचे म्हणणे होते. बियाणे कंपन्यांशी संगनमताचा आरोपही त्यांनी केला. दुबार पेरणी म्हणजे काय, हे ज्या ईट परिसरात घराघराला ठाऊक आहे, तेथे या तक्रारीला कोणी हसणार नाही.

मात्र त्या संतापातून निघणारा एक निष्कर्ष तपासला पाहिजे. ‘ज्यांना उद्याचा पाऊस सांगता येत नाही, ते पन्नास वर्षांनंतरचे हवामान काय सांगणार?’ हा प्रश्न पारावर आणि एसटीत ऐकू येतो, तसा सुशिक्षितांच्या बैठकीतही ऐकू येतो. प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. मृगाचा पाऊस नेमका कोणत्या दिवशी पडेल हे सांगणे अवघड. पौषापेक्षा वैशाख तापेल हे कोणीही सांगेल. तापमानवाढीचे शास्त्र दुसऱ्या प्रकारचे, कार्यकारणभावाचे आहे.

कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतो, हे जॉन टिंडॉल यांनी १८५९ मध्ये प्रयोगाने दाखवले. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून त्याचे मोजमाप चालू आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० हून अधिक आहे. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी इतरांसह २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

टँकरची वाट पाहण्यात ज्यांनी उन्हाळे काढले, त्या भूम-परंडा तालुक्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये महापूर पाहिला. या एका पुराचे सारे खापर तापमानवाढीवर फोडणे घाईचे ठरेल. तिचा वाटा किती, हे अभ्यासानेच ठरते आणि त्या उत्तरातही काही अनिश्चितता उरते. ती उघड सांगणे हा शास्त्राचा प्रामाणिकपणा होय. पण ती शेतकऱ्याच्या भाषेत, त्याच्या मंडळापुरती सांगितली जात नाही, हा दोष शास्त्रसंस्थांनीही पत्करावा.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी शंका घेतल्याबद्दल दोष दिला नाही. ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून वा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखा आणि जे हितकर ठरेल ते आचरा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. त्याची पहिली बाजू आपण सहज उचलतो, दुसरी विसरतो. मोबाईलवर आलेल्या ‘हे सारे थोतांड आहे’ या निरोपालाही तीच कसोटी लावावी लागेल. आणि विषारी बाण लागलेला मनुष्य बाण कोणी मारला, धनुष्य कसले होते, हे कळेपर्यंत तो काढूच देणार नसेल, तर त्याचे काय होईल, हा दृष्टान्तही तथागतांचाच.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या शाळेच्या प्रांगणात एक पर्जन्यमापक बसवू या. वसतिगृहातील मुलांनी रोज सकाळी ठरावीक वेळी पाऊस मोजावा, वहीत नोंदवावा आणि शेजारी हवामान विभागाचा अंदाजही लिहावा. अंदाज किती वेळा खरा ठरला, किती वेळा चुकला, हे दहा वर्षांनी ती वहीच सांगेल. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धिप्रामाण्याचा धम्म दिला. त्या धम्माच्या शाळेत शंकेला वहीची जोड मिळावी, इतकेच मागणे.