वीरांचे खरे तर्पण
सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे. परंतु जे रणांगणातून परतले आणि वार्धक्याने घरीच निवर्तले, त्यांचे स्मारक कोणते? सातारा-सांगलीच्या कित्येक घरांत १९६५ आणि १९७१ ची युद्धे लढलेले आजोबा होते. त्यांची पदके ट्रंकेत उरली; आठवणी मात्र चितेबरोबर गेल्या. हुतात्म्यांना पुष्पचक्र वाहावेच. पण दिवंगत सैनिकाची पलटण, आघाडी, सेवेची वर्षे घरच्यांनी लिहून ठेवावीत. आजी हयात आहेत तोवर त्यांना विचारावे. पितृपक्षात ज्यांचे नाव घेतले जाते, त्यांचा पराक्रम नातवंडांना ठाऊक असावा. तेच खरे तर्पण!