पावसाळी सायकल मोहिमेत एक दिवस मोकळा हवा

पावसाळ्यात घाट ओलांडून कोकणात सायकलवर उतरणाऱ्यांची हौस कौतुकास्पद आहे. पण ‘आजचे किलोमीटर आजच’ हा हट्ट त्यांनी सोडायला हवा. हवामान खाते २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला मुसळधार म्हणते, आणि जुलैत कोकणाला तो नवा नाही. अशा दिवशी आंबोलीच्या उतारावर ओल्या रिमवर ब्रेक दाबला, तर रबराचे सुरुवातीचे घासणे नुसते पाणी पुसण्यातच जाते आणि सायकल तोवर पुढे गेलेली असते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे निसरडे होतात, खड्डे पाण्याखाली दडतात आणि धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला सायकलस्वार दिसतही नाही.

डिस्क ब्रेक असले की प्रश्न मिटतो, असे काहीजण म्हणतात. ब्रेक सुधारतो हे खरे, पण टायरची पकड तीच राहते. रजा मोजकी असते, हा आक्षेप अधिक रास्त आहे. म्हणूनच मोकळा दिवस आधीच आखणीत धरावा. पाऊस उघडला तर तो दिवस गावे पाहण्यात सत्कारणी लागेल; नाही उघडला तर थांबणेच शहाणपणाचे. कोकणातल्या सावित्री नदीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, तेव्हा मोठ्या बसगाड्याही वाचल्या नाहीत. आयोजकांनी रेड अलर्टच्या दिवशी मोहीम थांबवण्याचा नियम लेखी करावा आणि थांबणाऱ्याला कमी लेखू नये.